दिल्ली किती मिनिटांवर आहे?

मुंबईहून दिल्ली किती लांब, याचं उत्तर घरबसल्या काढता येतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे असं धरायचं आणि त्रिकोणमितीचं एक सूत्र चालवायचं. उत्तर येतं ११३८ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे त्यातून तीनेक किलोमीटर वजा करावे लागतात, पण तेवढ्यावर कुणी भांडत नाही. वैमानिकांच्या हिशेबात हे झाले सुमारे ६१४ सागरी मैल.

आता भागाकार. या मार्गावर सर्रास दिसणारं एअरबस ए-३२० एकदा वर स्थिरावलं की ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातं. ११३८ भागिले ८३०, म्हणजे एक तास बावीस मिनिटं. तिकिटावर मात्र छापलेलं असतं दोन तास दहा, सव्वादोन, कधी दोन तास वीस मिनिटं. मधला पाऊण-एक तास जातो कुठे?

विमान कंपनीला विचारलं तर हवामान, गर्दी, तांत्रिक कारणं अशी ठरलेली यादी मिळते. ती खोटी नसते, पण तिच्यातून हिशेब लागत नाही. हिशेब लावायचा तर आधी वरचा रस्ता पाहायला हवा आणि मग खालचा. खालचाच जास्त गुंतागुंतीचा आहे.

वरचा रस्ता नकाशावर पट्टी ठेवून काढला तर मोठा गमतीशीर निघतो. सांताक्रूझहून निघालेली रेघ सुरगाण्याच्या आसपास नाशिक जिल्ह्याची कड शिवते, डांगच्या जंगलावरून अलीराजपूरकडे सरकते, मंदसौर-प्रतापगडच्या पट्ट्यात निम्मी होते, मग कोटा-बुंदी, दौसा, अलवर करत पालमला पोचते. म्हणजे मुंबई-दिल्लीचा मध्यबिंदू अफूच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखात पडतो. राजधानी एक्सप्रेसही साधारण याच अंगाने जाते, पण सुरत, बडोदा, रतलाम, कोटा अशी वळणं घेत. तिचा लोहमार्ग १३८४ किलोमीटरचा आहे आणि वेळ साडेपंधरा तासांच्या घरातला.

विमान मात्र ही पट्टीची रेघ जशीच्या तशी पाळत नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्यांवर पाच-पाच अक्षरांची नावं दिलेले बिंदू असतात आणि विमान त्या बिंदूंना धरून जातं. शिवाय आकाशाचा बराच भाग हवाई दलासाठी राखीव असतो. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितलं होतं की देशाचं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणी वापरता येतं, आणि ही बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे हजार कोटी रुपये वाचतील. तेव्हापासून थोडी मोकळीक मिळाली आहे, तरी वळसे आहेतच.

दुसरी गोष्ट उंचीची. ताशी ८३० किलोमीटर हा वेग वर पोचल्यावरचा. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. वर स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. उतरण्याचा ठोकताळा वैमानिकांना तोंडपाठ असतो: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. पस्तीस हजार फुटांवरून खाली यायचं तर शंभरेक सागरी मैल, म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर आधीच उतरायला लागायचं. दिल्लीला जाणाऱ्या विमानात जयपूरच्या आसपास कानांना दडे बसायला लागतात ते यामुळेच. चढण आणि उतरण वजा केली तर पूर्ण वेगाने कापायला उरतात जेमतेम सातशे किलोमीटर. चाकं धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत सगळं सुरळीत झालं तरी एक तास पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात ती अशी.

खिडकीशी बसणाऱ्यांसाठी एक गंमत. वैमानिक उंची सांगतो तेव्हा कान देऊन ऐका. दिल्लीला जाताना तेहेतीस, पस्तीस, सदतीस हजार असा विषम आकडा येतो आणि परतताना चौतीस, छत्तीस असा सम. उत्तरेपासून पूर्वेकडून दक्षिणेपर्यंतच्या कोणत्याही दिशेने जाणाऱ्यांनी विषम हजार घ्यायचे आणि उलट बाजूला जाणाऱ्यांनी सम, हा नियम आहे. दिल्ली मुंबईच्या ईशान्येला झुकलेली असल्याने ती पहिल्या गटात मोडते. समोरासमोर येणारी दोन विमानं हजार फुटांच्या फरकाने एकमेकांच्या डोक्यावरून निघून जातात आणि आत आपण सँडविचचं वेष्टन फाडत बसलेलो असतो.

वाऱ्याचं म्हणाल तर हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो. मुंबई-दिल्ली मार्गाला तो बराचसा आडवा लागतो, म्हणून जाताना काही मिनिटांचा फायदा आणि येताना तेवढाच तोटा, एवढ्यावर भागतं. लंडनला नातवंडं असलेल्यांना याच वाऱ्याचा खरा हिसका माहीत असतो. जाताना विमान वाऱ्याच्या तोंडावर, येताना वारा पाठीशी, त्यामुळे अंतर तेच असूनही परतीचा प्रवास तासाच्या आसपास आखूड.

वरच्या रस्त्याचं प्रकरण एवढंच. खरं घोडं अडतं ते जमिनीवर.

कुर्ल्याहून साकीनाक्याकडे जाताना जरीमरीपाशी थांबून वर पाहिलं की मुंबईच्या विमानतळाचं सगळं दुखणं डोळ्यांसमोर येतं. विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या अंगाने इतकी खाली येतात की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. चाकं बाहेर, दिवे लागलेले, पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली झुकलेल्या. पत्र्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या फडफडतात, चहाच्या टपरीवरची बोलणी अर्ध्यावर थांबतात आणि आवाज विरला की जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होतात. वर कुणी पाहत नाही. एक विमान भिंतीपलीकडे नाहीसं होतं न होतं तोच पूर्वेला पुढच्याचे दिवे दिसू लागतात, आणि मधल्या वेळात त्याच धावपट्टीवरून एखादं पश्चिमेला, जुहूच्या समुद्राकडे उडून गेलेलं असतं.

या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, फुलीसारख्या. त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, सुमारे साडेतीन किलोमीटर लांब. दुसरी आखूड. या एकाच पट्टीवर २०१८ मध्ये चोवीस तासांत हजाराहून जास्त विमानांची ये-जा झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी विक्रम म्हणून बातम्या छापल्या. माझ्या मते तो विक्रम नव्हता, अजीर्ण होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हात आखडता घ्यायला लावला: गर्दीच्या तासांत तासाला ४६ ऐवजी ४४ आणि एरवी ४४ ऐवजी ४२. चव्वेचाळीस म्हणजे दर ब्याऐंशी सेकंदांना एक उड्डाण किंवा एक अवतरण. त्यात मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात म्हणून मागच्या मध्यम विमानाला पाच सागरी मैल अंतर ठेवावं लागतं. एखादा वैमानिक धावपट्टीवरून बाहेर वळायला दहा सेकंद जास्त रेंगाळला तरी मागची रांग हलते.

त्या वेळी मंत्रालयाने दिलेला हिशेब मला फार बोलका वाटतो. विमानांना मुंबईवर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांना सुमारे १.७ किलोलिटर इंधन, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. तासाभराच्या घिरट्यांना अडीच किलोलिटर आणि २ लाख ६० हजार. दिल्लीहून मुंबईपर्यंतचा सरळ प्रवास दीड-पावणेदोन तासांचा आणि वर तासभर प्रदक्षिणा. पैसे अर्थातच आपल्या तिकिटातून.

घिरट्यांचाही नियम आहे. त्यांचा आकार लांबट अंड्यासारखा. चौदा हजार फुटांच्या खाली प्रत्येक सरळ बाजू एक मिनिटाची, त्याच्या वर दीड मिनिटाची. दोन वळणं धरून खालची एक फेरी साधारण चार मिनिटांत पुरी होते. एकावर एक हजार फुटांच्या फरकाने विमानं रचलेली असतात. सगळ्यात खालच्याला बोलावणं आलं की बाकीची एकेक पायरी उतरतात.

एकदा दिल्लीहून परतताना शेजारी डोंबिवलीचे एक आजोबा होते, गुरुग्रामच्या मुलाकडे महिनाभर राहून आलेले. खिडकी त्यांचीच. बराच वेळ बाहेर बघून ते म्हणाले, "अहो, ही खाडी मघाशी माझ्या डाव्या हाताला होती. आता परत तीच. ह्याला वाट सापडत नाहीये का?"

"नाही हो काका, खाली जागा नाहीये. नंबर लागायचाय."

"नंबर?" ते हसले. "म्हणजे इथेपण आपलं डोंबिवली फास्टच की! दिव्याला सिग्नल मिळेना म्हणून उभी." मग घड्याळ बघून, "पण वेळेत पोचतोय बरं का. तिकिटावर सव्वानऊ आहे."

खरंच आम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी टेकलो. वीसेक मिनिटं घिरट्या घालूनही विमान वेळेआधी! हवाई सुंदरीने तसं जाहीरही केलं आणि दोन-तीन टाळ्या पडल्या.

ही किमया वेळापत्रकाची. विमानाच्या प्रवासात चार क्षण नोंदले जातात आणि बहुतेक विमानांत यंत्रच ते आपोआप टिपून कंपनीला कळवतं. दारं बंद होऊन ब्रेक सुटला तो पहिला. चाकं जमिनीवरून उचलली तो दुसरा. चाकं टेकली तो तिसरा. आणि जागेवर येऊन ब्रेक लागला तो चौथा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला काळ खरा उड्डाणाचा. पण तिकिटावर छापतात तो पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचा. त्याला म्हणतात ब्लॉक टाइम. चाकांना लावायच्या ठोकळ्यांवरून पडलेलं नाव. वैमानिकांच्या कामाचे ताससुद्धा साधारण याच मापाने मोजतात.

आणि या ब्लॉक टाइममध्ये कंपन्या हात राखून मिनिटं घालतात. आपल्याकडे ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांत आलेलं विमान "वेळेवर" धरलं जातं आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय कोण किती टक्के वेळेवर याचा तक्ता दर महिन्याला काढतं. तो तक्ता वर्तमानपत्रांत छापून येतो. मग एक तास पन्नास मिनिटांच्या कामाला दोन तास वीस मिनिटं लावून ठेवली की झालं. वर पंधरा मिनिटांची सूट आहेच. रांग लांबली तरी तक्त्यात नाव वर राहतं आणि नाही लांबली तर "आपण वीस मिनिटं आधी पोचलो आहोत" अशी घोषणा करायला मिळते. त्यानंतर विमान उभं करायची जागा रिकामी नसते म्हणून ती वीस मिनिटं टॅक्सीवेवर बसून काढायची, हा भाग घोषणेत येत नाही.

याला फसवणूक म्हणावं का? मला तसं वाटत नाही. गर्दीच्या तासाला उशीर होणार हे माहीत असताना तो आधीच वेळापत्रकात लिहिणं एका अर्थी प्रामाणिकपणाच आहे. पुढचं विमान किंवा लग्नाचा मुहूर्त गाठायचा असलेल्या माणसाला ती जादा मिनिटं उपयोगीच पडतात. माझी तक्रार वेगळी आहे. उशीर एकदा वेळापत्रकात मुरला की तो उशीर राहत नाही आणि धावपट्टी अपुरी आहे हे कुणाला दिसतच नाही. तक्ता हिरवा, प्रवासी खूश आणि कुर्ल्यावर दर ब्याऐंशी सेकंदांची कसरत चालूच.

मागे वळून पाहिलं तर हे आणखी ठळक होतं. टाटांनी १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली हवाई सेवा सुरू केली तेव्हा विमान इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत जाई. त्याच्या पाच वर्षं आधी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर आपलं पुस मॉथ विमान उतरवलं होतं. त्याचा वेग ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. तिथून पुढे वेग भराभर वाढत गेला. इंडियन एअरलाइन्सकडे १९६४ मध्ये कॅराव्हेल ही जेट विमानं आली. ती ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडत. आज साठ वर्षांनंतर आपण ताशी ८३० वर आहोत. म्हणजे कॅराव्हेलनंतर आकाशातली दिल्ली फारशी जवळ आलेलीच नाही. इंजिनं कमी तेल पितात, आवाज कमी झाला, विमानं सुरक्षित झाली. वेग मात्र तिथेच.

या साऱ्यात मला सगळ्यात आवडते ती नागपूरची रात्र. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. पहाटे चारही शहरांत उरलेल्या तीन शहरांची टपालं हजर. या हिशेबाने मुंबईचं पत्र दिल्लीला नागपूरमार्गे जायचं. मुंबई-नागपूर सुमारे ६८० किलोमीटर, नागपूर-दिल्ली सुमारे ८५०. सरळ मार्गापेक्षा चारशे किलोमीटरचा वळसा. तरीही पत्र लवकर पोचायचं, कारण ते झोपेच्या वेळेत प्रवास करायचं आणि सकाळी पोस्टमन निघण्याच्या आधी पोचलेलं असायचं. हे ज्याने आखलं त्याने किलोमीटरकडे पाहिलंच नसणार. त्याच्यासमोर फक्त घड्याळ असेल. सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली. सोनेगावच्या त्या रात्रींवर कुणी वैदर्भीय लेखकाने कादंबरी लिहायला हवी होती.

दिल्लीच्या टोकाला दुखणं वेगळं आहे. तिथे जागा भरपूर, जुलै २०२३ पासून धावपट्ट्या चार. एवढ्या असलेला तो देशातला पहिला विमानतळ. पण जागा भरपूर म्हणजे चालणंही भरपूर. दूरच्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानाला टर्मिनल एकपर्यंत यायला मोठा फेरा पडायचा. चौथ्या धावपट्टीबरोबरच रस्त्यावरून जाणारा दोन किलोमीटरहून थोडा लांब उन्नत टॅक्सीवे सुरू झाला, त्याने हा फेरा सात किलोमीटरनी कमी केला. खालून गाड्या जातात आणि वरून विमान हळूहळू पूल ओलांडतं. पहिल्यांदा पाहणारा मान वळवून बघतोच.

आणि धुकं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दिल्लीचं विमान घेणं म्हणजे नशिबाची परीक्षा. दाट धुक्यात, धावपट्टीवरची दृश्यमानता पन्नास मीटर असतानाही यंत्राच्या मदतीने उतरता येतं, पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक तिघंही त्या दर्जाचे लागतात. उडायला मात्र किमान १२५ मीटर दिसावं लागतं. गंमत बघा, पन्नास मीटरमध्ये विमान आत येऊ शकतं, बाहेर जाऊ शकत नाही. काही तासांत सगळ्या जागा भरतात आणि मुंबईहून निघायच्या तयारीत असलेल्यांना इथेच थांबवून ठेवतात. दिल्लीतल्या धुक्याने मुंबईचं संध्याकाळचं वेळापत्रक कोसळतं ते असं. सकाळी दिल्लीत अडकलेलंच विमान दुपारी पुण्याला आणि संध्याकाळी चेन्नईला जायचं असतं.

मुंबईत धुक्याची जागा पावसाने घेतली आहे. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरलं आणि चिखलात रुतलं. ते बाहेर काढेपर्यंत चारेक दिवस मुख्य धावपट्टी बंद. आखूड पट्टीवर काम चाललं, शेकडो उड्डाणं रद्द झाली. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डागडुजीसाठी एकेक दिवस, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात. ते सहा तास सांताक्रूझला विमान नाही. दिवाळीच्या आसपास तिकीट काढणाऱ्याने ती तारीख आधी बघून घ्यावी.

आता मुंबईतही विमानतळ दोन आहेत. नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. सांताक्रूझपासून तो सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर आग्नेयेला. नकाशावर तिथून दिल्ली मोजली तर पुन्हा जवळपास तेच, ११४० किलोमीटरच्या आसपास. थोडा दक्षिणेला सरकला तसा पूर्वेलाही सरकला, त्यामुळे फिटंफाट. दिल्लीच्या बाजूलाही गाझियाबादजवळचा हिंडन हा हवाई दलाचा तळ आहे, तिथल्या नागरी टर्मिनलवरून २०२५ पासून मुंबईची विमानं जातात. मुंबईपासून तो पालमपेक्षा पंचवीसेक किलोमीटर जास्त लांब. आकाशात असला फरक कुणाला कळतही नाही. नोएडात राहणाऱ्याला हिंडन बरं आणि गुरुग्रामवाल्याला पालम. पनवेल-बेलापूरकराला नवी मुंबई दाराशी; बोरिवलीकराने तिथे उजाडायच्या आत पोचायचं तर रात्रीच निघावं.

घरापासूनचा हिशेब मांडला की या दोन तासांची मिजास पार उतरते. सामान द्यायची खिडकी तासभर आधी बंद, दार पंचवीस मिनिटं आधी बंद, त्याआधी सुरक्षा तपासणीची रांग. दादरहून निघालेला माणूस करोलबागेत दार वाजवतो तेव्हा सहा तास गेलेले असतात आणि त्यातले जमिनीपासून वर असतात जेमतेम पावणेदोन. गेल्या काही वर्षांत या प्रवासातली सर्वांत मोठी बचत झाली ती विमानाने केलेली नाही. दिल्लीत २०११ मध्ये विमानतळाची मेट्रो आली. नवी दिल्ली स्थानकावरून टर्मिनल तीन वीसेक मिनिटांत. मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचा आरे ते बीकेसी टप्पा सुरू झाला आणि दोन्ही टर्मिनलना स्थानक मिळालं; पुढल्या वर्षी तो मार्ग कफ परेडपर्यंत पोचला. पेडर रोडच्या किंवा माहीम कॉजवेच्या कोंडीत ज्याने एकदा विमान चुकवलं आहे, त्याला या मेट्रोने वाचवलेला वेळ कुठल्याही जेट इंजिनापेक्षा मोठा वाटेल.

तरी एक मागणी करून ठेवतो. कंपन्यांकडे ते चार क्षण प्रत्येक उड्डाणाचे, सेकंदासकट, नोंदलेले आहेत. तिकीट विकताना त्यांतून फक्त एकच ओळ दाखवा: या वेळचं हे विमान गेल्या महिन्यात हवेत सरासरी किती होतं आणि जमिनीवर किती. संध्याकाळी सातच्या मुंबई विमानासमोर "हवेत दोन तास पाच मिनिटं, त्यांतली वीस घिरट्यांत" असं लिहिलेलं दिसलं, तर सकाळी अकराचं विमान आपोआप भरेल.